लाल झालं तरी चालंल

रेकॉर्डिंग करताना मोबाइल शेजारच्या खोलीत ठेवायचा, हा आप्पांचाच नियम. फोन जवळ असला की माइकमध्ये टरटर आवाज उतरतो, असं माइक विकणारा दुकानदार एकदा सहज बोलून गेला होता. आप्पांनी ते हुकूम असल्यासारखं पाळलं. त्यामुळे त्या रविवारी दुपारी आईचे फोनवर फोन येऊन गेले आणि मी सांगलीच्या माझ्या भाड्याच्या खोलीत हेडफोन लावून एकच कडवं घोळवत बसले होते. पाणी प्यायला उठले तेव्हा कुठे फोन पाहिला. आई एवढंच म्हणाली, "आप्पा गेलं गं... जेवून जरा आडवं झालं हुतं, उठलंच न्हाईत." वडील गेल्याची बातमी मला त्यांच्याच शिस्तीमुळे उशिरा कळली. हे त्यांना सांगता आलं असतं तर त्यावरही म्हणाले असते, "मग? नियम म्हंजे नियम."

आप्पा तोफखान्यात हवालदार होते. फलटणजवळच्या आमच्या गावी परत आले तेव्हा उजवा कान तोफांनी पार नेलेला आणि डावा निम्माशिम्मा उरलेला. पण हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. कानाचं यंत्र कपाटात मोज्यांच्या घडीखाली सुखात पडलेलं असे. पारावरून कुणी हाक मारली की आप्पा सरळ पुढे निघून जात, आणि गाव म्हणे, "मिल्ट्रीतनं आल्यापास्नं लय ताठा आलाय गड्याला." आईचा जीव तुटायचा. ती म्हणायची, "आवं, सांगा की एकदा, ऐकू येत न्हाई म्हणून!" आप्पा ऐकू न आल्यासारखं करायचे, आणि तेवढ्यापुरतं ते सोंग असायचं हे आम्हा दोघींनाही कळायचं. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा शिष्ट म्हणवून घेणं त्यांना बरं वाटत होतं. मला मात्र आप्पांचा राग यायचा आणि गावाचा त्याहून जास्त.

अशा घरात मी रॅप करायला लागले, हा एक विनोदच. आमच्याच बोलीत लिहायचे, ठेक्यावर म्हणायचे. आप्पा समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत आणि म्हणत, "कुणाशी तरी तालात भांडतीयास असं वाटतंय. जिकतीयास न्हवं?" घरीच नीट रेकॉर्डिंग करायचं ठरवलं तेव्हा सामान घ्यायला ते माझ्याबरोबर साताऱ्याला आले. मुलीला दुकानदारानं गुंडाळू नये, हे कारण. दुकानात दोन माइक समोर आले. कंडेन्सर माइक सुस्कारासुद्धा टिपतो म्हणे. आमचं घर रस्त्याला लागून, आणि हंगामात उसाचे ट्रॅक्टर गाणी ठणकावत जाणार... सुस्काऱ्याआधी तेच टिपले गेले असते. म्हणून मी डायनॅमिक माइक घेतला. तो तोंडाजवळचं तेवढंच ऐकतो. मग हेडफोन. आप्पांनी ते डोक्याला लावले, डोळे मिटले, मान डोलावली आणि जाहीर केलं, "फस्क्लास! एकदम किलिअर." हेडफोनची वायर अजून दुकानदाराच्या हातात होती, कशालाच जोडलेली नव्हती. दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

राहिला तो माइक आणि लॅपटॉप यांच्यामध्ये लागणारा डबा, ज्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. मला हवा होता तो लहानसा, आवाजाला स्वच्छ. आप्पांनी बोट ठेवलं ते दुसऱ्याच, वीटभर डब्यावर. त्याच्या बटणाभोवती दिव्याचं कडं होतं: आवाज बेतात असला की हिरवं, चढला की पिवळं, आणि फाटायला लागला की लाल. "पहिलाच चांगला हाय, काका," दुकानदारही म्हणाला. "ह्योच," आप्पा म्हणाले. फलटण येईपर्यंत एसटीत मी त्यांच्याशी बोलले नाही. अर्थात, बोलले असते तरी त्या खडखडाटात त्यांना काय कळणार होतं!

घरी दोरीवर गोधड्या आणि त्यांची लष्करातली घोंगडी टांगून मी एक कोपरा केला. पहिल्याच दिवशी आप्पांनी समोर खुर्ची मांडली, डब्याचं तोंड स्वतःकडे फिरवलं आणि बसले. मी म्हणायला लागले. ते दिव्याकडे बघत होते, बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती, आणि ठेका चुकत नव्हता. कडं लाल झालं तसा त्यांनी कवायत थांबवावी तसा पंजा वर केला. मी थांबले... आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझा बाप मला ऐकत होता. डोळ्यांनी ऐकू येईल असा डबा त्यानं निवडला होता. मी पाणी पिण्याच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जाऊन रडून आले.

पुढे एक गाणं लिहिलं. त्यात हे होतं:

तोफ उडली सीमंवर, धूर आमच्या दारात,
कान गेला आप्पांचा, गाव म्हणं तोऱ्यात.

त्यांना न विचारता हे गावापुढे आणायचं कसं? आणि विचारायचं तरी कसं? म्हटलं, आधी रेकॉर्ड तर करू. पण दुसऱ्या ओळीशी माझा आवाज आपोआप खाली गेला. गाणं संपल्यावर आप्पा म्हणाले, "मदी एका जागी दिवा पार इझला. तितं काय म्हणालीस?"

मी काहीतरी थाप मारणार होते. पण ते वाट बघत राहिले. शेवटी त्यांच्या डाव्या कानाशी वाकून ओरडले, "तुमास्नी ऐकू येत न्हाई, असं म्हणाले!"

आई दारात येऊन उभी राहिली. आप्पांनी एकदा त्या बंद दिव्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "खरं हाय ते चोरून का म्हणतीस? मोट्यानं म्हण. लाल झालं तरी चालंल. मी हात करणार न्हाई."

मी म्हटलं. आवाज फाटला, आणि फाटलेलाच ठेवला. गाणं गावात मोबाइलवरून फिरलं. काहींनी नाकं मुरडली, बापाचं व्यंग चव्हाट्यावर मांडलं म्हणून. पण पारावरचे लोक पुढे आप्पांच्या डाव्या बाजूला येऊन बसायला लागले. यंत्र मात्र मोज्यांखालीच राहिलं.

नोकरीसाठी सांगलीला आले तेव्हा डबाही आणला. इथे मी एकटीच, तरी सवयीनं त्याचं तोंड समोरच्या खुर्चीकडेच ठेवते. मैत्रिणी हसतात, "अगं, उलटा ठेवलायस." आप्पा गेल्यावर काही आठवडे मी डब्याला हातच लावला नाही. परवा त्या रविवारचं अर्धवट कडवं पूर्ण करायला बसले. फोन शेजारच्या खोलीत ठेवला. डबा सरळ करावा, आता दिवे मलाच बघायला हवेत, असं मनात आलं... आणि तो तसाच राहू दिला. कुठे कुठे आवाज फार चढला, माझं मला कळत होतं. पलीकडे लाल झालंही असेल. हात वर आला नाही, म्हणून मी शेवटपर्यंत म्हटलं.