अण्णांचा पंखा आणि न झोपणारी गाडी

मी सेलूच्या शाळेत विज्ञान शिकवतो आणि मला गाडीत पंखा बसवता येत नाही.

आमची विजेवरची गाडी नवीकोरी. पण माझ्या वडिलांना, अण्णांना, एसी चालत नाही (गुडघे धरतात), आणि मे महिन्यात आमच्या जिल्ह्यात एसीशिवाय बसवत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना पालमला थोरल्या बहिणीकडे जायचं होतं. आक्का अंथरुणाला खिळलेल्या, वर्षभर भेट नाही. म्हणून सीटसमोर छोटा पंखा लावायचं ठरलं. अट एकच, गाडी बंद झाली की पंखाही बंद व्हावा. अण्णा बटण बंद करायला हमखास विसरतात.

फ्यूजच्या डब्याचं झाकण काढून मी पहिल्याच फ्यूजला पंखा जोडला आणि गाडी बंद केली. पंखा चालूच!

"किल्ली जवळ असली की गाडी जागीच ऱ्हाती म्हणं," माझी बायको सुनंदा गाडीचं पुस्तक वाचत म्हणाली. मी किल्ली देव्हाऱ्यात ठेवून आलो. पंखा चालूच. दुसरा फ्यूज, पाचवा, नववा, तेच. ही वीज येते कुठून, याचं मला कुतूहल वाटायला लागलं. (कुतूहल वाटलेला विज्ञान शिक्षक घरात फार धोकादायक असतो.)

अण्णा गाडीला लागूनच बाजेवर बसले होते. "झालं का रं?"

"व्हायलंय, अण्णा."

"तीन घंटे झाले, व्हायलंयच."

एवढं बोलून ते चहाला आत गेले आणि पंखा थांबला. मी आनंदानं ओरडलो. ते बाहेर आले, पंखा सुरू.

"अण्णा, परत आत जा बरं." थांबला. "या." सुरू. "जा."

"आरं, मी काय बटन हाय का?"

सुनंदानं पुस्तक मिटलं. "मामंजी, दुसरी किल्ली कुठंय?"

अण्णांनी सदरा वर केला. कमरेच्या करदोड्याला कपाटाची किल्ली, कोठीची किल्ली आणि मधोमध गाडीची! "हरवंल म्हून बांधून ठिवली. तूच दिलतीस की, जपून ठेवा म्हणून."

मीच दिली होती खरी. म्हणजे पहिला फ्यूजही बरोबर असू शकत होता. मी घाईनं गाडी सुरू करायला गेलो, तर ती ढिम्म. मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली, पण गाडीला जागं करणारी छोटी बॅटरी माझ्या संशोधनात पार उतरली होती. मेकॅनिक म्हणाला, नवी छोटी बॅटरी यायला चार दिवस लागतील.

सकाळी आम्ही यष्टीनं निघालो. घामानं निथळणाऱ्या अण्णांकडे बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पालमला आक्कांनी त्यांचा हात धरला तो सोडलाच नाही.

"गाडीनं येणार होतास नव्हं?"

"ह्यानं बंद पाडली. चार दिस लागतेत म्हणं."

"म्हंजी आज लगेच पळत न्हाईस?"

"कशानं पळू? ऱ्हातो की चार दिस."

आक्कांचे डोळे भरून आले. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "लय हुशार हाय रं तुझं पोरगं."

बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या विज्ञानाचं झालेलं हे एकमेव कौतुक.