सुमेधाचा उजवा घोटा

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमले नाहीत, ते आधीच सांगून टाकते. शाळा चौथीला सुटली. त्यानंतर मी लिहिलं ते किराण्याचं सामान आणि रेशनच्या अर्जावर नाव. हे कोणाला पाठवायचंही नाही. पण गेल्या रविवारी पेपरच्या पुरवणीत अनघाने, सुमेधाच्या मैत्रिणीने, माझ्या या धाकट्या बहिणीवर लेख लिहिला, फोटोसकट, आणि तो वाचल्यावर मी हे लिहायला बसले. ओळीवर बोट ठेवून मी तो सगळा वाचला. लेख चांगला आहे, खोटं कशाला बोलू. सुमेधाचा खो-खो, तिचं खांबावरून वळणं, तिची नोकरी, शेवटचं आजारपण, सगळं आहे. तिच्या मुरगळलेल्या पायाबद्दलही आहे. अनघा लिहिते की अमेरिकेहून आणलेल्या ब्रेसने, म्हणजे घोट्याच्या पट्ट्याने, सुमेधाचा खेळ वाचवला. आणि पुढे एक ओळ, ‘तिची थोरली बहीणही तिला जपत असे.’ एवढंच. त्या ‘ही’वर माझं बोट थांबलं ते थांबलंच.

सुमेधा गेली त्या सकाळी तिच्या मुलीचा, श्रुतीचा फोन आला. नुसतं “अक्कामावशी, ये,” म्हणाली आणि मला समजलं. खडकीहून खराडी म्हणजे दोन बस बदलायच्या, त्यात सकाळची ऑफिसची गर्दी, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरं दारात लटकलेली. मी पोचले तेव्हा अनघा आधीच तिथे होती. तिची स्वतःची गाडी आहे. तिने सुमेधाचे केस विंचरून सारखे केले होते, उशाशी बसून तिच्या कपाळावर हात ठेवला होता. लोक येत होते ते अनघाशीच बोलत होते, काय झालं, कसं झालं. मला उशाशी जागा नव्हती. मी जाऊन पायांकडे बसले. चादर जरा वर सरकवली आणि उजवा घोटा धरला. तिथे कोणी नव्हतं... तिथे कधीच कोणी नसायचं, माझ्याशिवाय.

आमचे वडील दारूगोळा कारखान्यात होते, आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये वाढलो. सुमेधा झाली तेव्हा आई अंथरुणाला खिळली आणि मी शाळेतून घरी आले. बाळाला कोणीतरी घ्यायला हवं होतं. ते कोणीतरी म्हणजे मी. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही, उलट शाळेत मला बोलायची इतकी लाज वाटायची की सुटले असं वाटलं. ती माझ्या कडेवर मोठी झाली. कडेवरून उतरली ती थेट मैदानावर. क्वार्टरच्या मागच्या मातीत मुली खो-खो खेळायच्या, त्यात ही सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत चपळ. मी पाणी भरताना बघायचे. ती पळताना लोक टाळ्या वाजवायचे. मलाही वाजवाव्याशा वाटायच्या, आणि त्याच वेळी वाटायचं, हिला चालायला कोणी शिकवलं ते विचारा ना कोणीतरी.

आठवीत असताना खांबापाशी वळताना तिचा उजवा पाय आत दुमडला. मुली तिला उचलून घरी घेऊन आल्या. घोट्यावर लिंबाएवढी सूज आली होती. आईने हळद-मीठ लावायला सांगितलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ते पुसून टाकलं, हाड मोडलेलं नाही, शिरा ताणल्यात, बर्फ लावा, पाय उशीवर ठेवा आणि क्रेप बँडेज बांधा म्हणाले. बँडेज दुकानात अठरा रुपयांना होतं. वडिलांकडे मागायची सोय नव्हती, महिनाअखेर होती. मी पापड लाटून जे जमवलं होतं त्यातून ते घेतलं. सुमेधा उशीवर पाय टाकून पडल्या पडल्या म्हणाली, “अक्का, मला नोकरी लागली की तुझे अठरा रुपये पहिले.”

कंपाउंडरने मला बांधायला दाखवलं, एकदाच आणि घाईत. बोटांपासून सुरू करायचं, पाऊल काटकोनात ठेवायचं, घोट्याभोवती आठाचा आकडा काढत वर यायचं. मी मराठी शाळेतली, मी घरी येऊन आपला आठ काढला, वरून उघडा, खाली फाकलेला. दोन दिवस बँडेज गळून चपलेत येत होतं. मग एकदा बसवरचा इंग्रजी आठ बघितला, बंद, दोन्हीकडून वळून येणारा, आणि डोक्यात प्रकाश पडला. सुमेधाने ती गोष्ट पुढे सगळ्यांना सांगितली, अनघालासुद्धा. अनघाच्या लेखात ती नाही. तेही बरंच झालं म्हणा.

तो घोटा पुढे वरचेवर मुरगळायचा. एकदा लचकला की लचकतच राहतो म्हणतात. म्हणून प्रत्येक सामन्याआधी मी बांधायचे. ती खुर्चीवर किंवा ओट्यावर बसायची, मी खाली, आणि तिचा पाय माझ्या मांडीवर. पट्टी फार ओढली की बोटं निळसर पडतात, म्हणून बोटं उघडी ठेवायची आणि मधेमधे नख दाबून बघायचं, गुलाबी रंग परत येतो का. शेवटी पट्टीचे ते दोन दातेरी चिमटे लावायचे. आणि मग दर वेळी ती खाली वाकायची, माझ्या गुडघ्याला हात लावून तो स्वतःच्या कपाळाला लावायची. थोरलीला पाय लागला ना, म्हणून. एरवी घरात मला ‘अक्का, हे दे’ आणि ‘अक्का, ते कुठंय’ एवढंच. पण तो एक नमस्कार माझा असायचा. माझं लग्न खडकीतच झालं, तरी ती सामन्याआधी माझ्या सासरी यायची. आमचे हे म्हणायचे, “लोक माहेरी जातात. तुझं माहेर तुझ्या मांडीवर पाय टाकायला येतं.” मी हसायचे. मला ते आवडायचं.

मग ती शहरातल्या क्लबात खेळायला लागली आणि तिथे तिला अनघा भेटली. सदाशिव पेठेतली, गोरी, फटकळ, फिजिओथेरपी शिकणारी. ती पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा चहा पिऊन झाल्यावर मला म्हणाली, “छान बांधता तुम्ही. पण हे पळायला लागल्यावर दहा मिनिटांत सैल होतं, माहितीये ना?” मला माहीत नव्हतं. मी कधी सामना पूर्ण बघितलाच नव्हता, लोकांत उभं राहायचा संकोच. मी कपबशा उचलल्या. सुमेधाने ते मला कधी सांगितलं नव्हतं, आताही तिने विषय बदलला. ती मला सांभाळून घेत होती हे तेव्हा कळलं, आणि ते जास्त लागलं. परक्या पोरीसमोर मला सांभाळून घ्यायची वेळ यावी! शिवाय अनघा तिला ‘सुमे’ म्हणत होती. सुमे मी म्हणायचे.

त्या दिवसांत सगळंच नवीन येत होतं. टीव्हीवर वाहिन्या वाढल्या, दुकानांत परदेशी बूट दिसायला लागले, ज्याचा त्याचा भाऊ कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला निघालेला. अनघाचाही गेला, आणि सुट्टीत येताना सुमेधासाठी तो पट्टा घेऊन आला. काळा, आत फोम, घोट्याच्या दोन्ही अंगांना कडक प्लास्टिकच्या फळ्या, आणि चर्र करून उघडणारी चिकटपट्टी. पाय पुढे-मागे हलतो, पण आत दुमडत नाही, अशी त्याची करामत. सुमेधाने तो माझ्यासमोरच घातला. स्वतःच. वाकली, चर्र... चर्र... आणि उठून उभी राहिली. वर एक नंबर मोठा कॅनव्हासचा बूट. दारात उड्या मारून दाखवल्या. “बघ अक्का, तुझी कटकट गेली,” म्हणाली. मी क्रेप बँडेज धुऊन गुंडाळून ठेवलं. इतकं घट्ट गुंडाळलं की हात दुखला.

एखाद्या बाईचा हेवा करणं लोकांना समजतं. मला त्या पट्ट्याचा हेवा वाटायचा. ती घरी आली की मी आधी तिच्या पायाकडे बघायचे, घातलाय का. कुठे तो चर्र आवाज आला, कोणाच्या बॅगेचा, पोरांच्या बुटाचा, तरी माझं टाळकं फिरायचं. मनातून वाटायचं की एकदा तरी तो तुटावा. आणि खरं सांगायचं तर त्यानंतर सुमेधाचा पाय पुन्हा कधी मुरगळला नाही. अनघाने तिला नुसता पट्टा दिला नव्हता, भिंतीला धरून एका पायावर उभं राहायचे व्यायाम रोज करून घेतले, नाहीतर पट्ट्याच्या भरवशावर घोटा आळशी होतो म्हणायची. तिचं बरोबर होतं. तेच मला सोसत नव्हतं. चूक असती तर मी तिला माफ केलं असतं.

खेळाच्या जोरावर सुमेधाला नोकरी लागली. पहिल्या पगारात तिने मला साडी आणली आणि वर अठरा रुपये मोजून ठेवले. साडी मी घेतली. पैसे परत केले. “हे राहू दे,” म्हटलं. “राहू दे म्हणजे? उधारी आहे तुझी.” “असू दे की. उधारी असली म्हणजे माणूस घरी येतं.” ती माझ्याकडे बघत राहिली आणि पैसे पाकिटात ठेवले. मग ती आमची रीतच झाली. ती कॉम्प्युटर शिकली, खराडीच्या कंपनीत गेली, आठव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, लग्न झालं, श्रुती झाली, पण निघताना उंबऱ्यात म्हणायची, “अठरा रुपये बाकी, अक्का.” मी म्हणायचे, “विसरले नाही.” नमस्कार राहिला नव्हता. हे तरी होतं.

मग तिची मूत्रपिंडं गेली. खेळाडू बाई, वजन वाढलं नाही, कधी साध्या तापानेही पडली नाही, आणि हे. शेवटी शेवटी दोन्ही पाय सुजून घोटे दिसेनासे झाले. मी आठवड्यातून दोनदा जायचे. अनघा रोज जायची. मी भाकरी-भाजी न्यायचे, ती सुमेधाला चालत नाही म्हणून श्रुती खायची. कशात मीठ चालतं, कशात नाही, हे सगळं अनघाला ठाऊक. मी डबा उघडायच्या आधी तिच्या तोंडाकडे बघायचे.

शेवटच्या भेटीला आम्ही दोघीही होतो. सुमेधाने कपाटाकडे हात केला, पट्टा काढायला लावला. अनघाने तो तिच्या पायापाशी धरला. फळ्यांची तोंडं एकमेकींपासून इतकी लांब राहिली की चिकटपट्टी पोचतच नव्हती. अनघाने तो हळूच बाजूला ठेवला. मला आनंद झाला... तशा वेळीसुद्धा झाला. मग सुमेधा मला म्हणाली, “अक्का, तू बांध.”

बँडेज माझ्या पिशवीत होतं. किती तरी वर्षं ते मी तिच्याकडे जाताना नेत होते, कोणाला न सांगता. अनघा लगेच म्हणाली, “अक्का, ही मुरगळल्याची सूज नाही. याला बांधायचं नसतं.” तीही मला अक्का म्हणायला लागली होती. मी पट्टी हातात धरून बसले. सुमेधा डोळे न उघडता म्हणाली, “अगं, तिला कळतं. ती नुसती गुंडाळेल.”

मी खाली बसले. तिचा पाय मांडीवर घेतला. आवळलं नाही, चिमटे लावले नाहीत, एकच फेर, बोटांपासून, पाऊल काटकोनात धरून, बंद आठ काढत. नख दाबून बघितलं. रंग यायला वेळ लागला. अनघा खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. बांधून झाल्यावर मी ते लगेच सोडायला घेतलं, तशी सुमेधा उठायची धडपड करू लागली. तिला वाकता येत नव्हतं. मी म्हटलं, राहू दे गं. तिने माझा हात ओढून घेतला आणि तोच आपल्या कपाळाला लावला. तेव्हा अनघाने वळून बघितलं. बघितलं हे नक्की. तिच्या लेखात ते नाही. पहिल्यांदा वाचताना त्याचाच मला सगळ्यांत जास्त राग आला. आता वाटतं, तिला लिहिता येत होतं आणि तरी तिने लिहिलं नाही... असो.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. परवा श्रुती माझ्याकडे आली. पट्टा तिने अनघाला दिला म्हणाली, तिनेच दिला होता ना. मी ‘बरं केलंस’ म्हटलं आणि चहाला आधण ठेवलं. तिने पर्समधून दहाची नोट, पाचची एक नोट आणि रुपयाची तीन नाणी काढून ओट्यावर ठेवली. “आईने सांगून ठेवलं होतं, अक्कामावशीला द्यायचे म्हणून. आणि व्याज मागितलं तर देऊ नकोस, म्हणाली.” मी हसले. पोरीसमोर हसावं लागलं. तिने विचारलं, कसले गं हे पैसे? मी म्हटलं, जुने आहेत.

ती गेल्यावर कपाटातला पत्र्याचा डबा काढला. त्यात ते बँडेज आहे, इतकं धुतलंय की त्याचा ताण गेलाय, आणि कागदाच्या पुडीत दोन चिमटे. नोटा घडी करून गुंडाळीच्या आत सरकवल्या, नाणी पुडीत टाकली. तरी पुन्हा बाहेर काढून मोजून बघितलं. पूर्ण होते. एखादा रुपया तरी बाकी ठेवायचा होतास, सुमे.