लाल कापडावरचं लिंबू

रोज एक वस्तुचित्र काढायचं, असं महिनाभराचं आव्हान मी चित्रकलेच्या एका ग्रुपवर घेतलं. मी कणकवलीला शाळेत विज्ञान शिकवते. पेन्सिल धरली ती आकृत्यांपुरतीच. शाळेला निघण्याआधी पडवीत स्टुलावर काहीतरी मांडायचं आणि टक लावून बघत काढायचं. उजेड शेजारच्या काकींच्या अंगणाकडून येतो, म्हणून तोंड तिकडे.

कप, चष्मा, कांदे झाले. मग रंगांची हौस आली. लाल कापड अंथरलं, त्यावर नारळ, तांब्या आणि पिवळंधमक लिंबू. सावल्या छान पडत होत्या, म्हणून तीच मांडणी आठवडाभर ठेवली.

त्याच आठवड्यात काकी बोलेनाशा झाल्या. कुंपणाशी दिसल्या की पाठ फिरवायच्या. सून बाळाला घेऊन अंगणात आली, की तिला हाक मारून आत घ्यायच्या. माझं काय चुकलं, कळेना.

एका सकाळी आमच्या फाटकाशी राख, मीठ आणि मोहरी पडलेली दिसली. हे कोणी टाकलं, ते मला लगेच कळलं, निदान तसं वाटलं. मुलांना अंधश्रद्धेवर तास तास सांगणारी मी, पण ती राख ओलांडायला पाय उचलेना. मागच्या बाजूने गेले. संध्याकाळी लांबून बादलीभर पाणी ओतलं, तेव्हा काकी खिडकीआडून बघत होत्या अशी माझी खात्री होती.

दुसऱ्या दिवशी सरळ विचारलं, "काकी, फाटकाशी काय टाकलंत?"

"आणि तू रोज काय मांडतंस? नारळ, लिंबू, तांबडा कापड. आमच्याच घराकडे बघीत बसतंस. आमच्या म्हशीन दूध दिवचा सोडल्यान."

"चित्र काढतंय, काकी. येवन बघा."

त्या आल्या, पण पायरीवरच बसल्या. मी काढत होते, तेव्हा त्यांची नजर कागदावर नव्हती, माझ्या ओठांवर होती. मी काही पुटपुटते का, ते बघत होत्या. शेवटी त्यांनी कागद हातात घेतला.

"लिंबू बटाट्यासारखा दिसता," त्या म्हणाल्या. मग कागद खाली ठेवून म्हणाल्या, "त्याचाच सरबत कर. माझ्यासमोर."

मी लिंबू कापलं, पिळलं, दोन पेले भरले.

"आधी तू पी."

मी प्याले. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि मग हळूहळू सगळा पेला संपवला.

म्हैस गाभण होती, म्हणून आटली होती, हे पुढे सुनेनंच सांगितलं. माझा महिनाही पुरा झाला, पण चित्रं काढायची सवय राहिली. काकी आता बोलतात. सकाळी कुंपणावरून विचारतात, "आज काय मांडलंस गो?" मी वांगी दाखवते, किंवा बशी. त्या जरा वेळ तिथेच उभ्या राहतात. कौतुकाने की तपासायला, ते मला अजून कळलेलं नाही. सून पुन्हा अंगणात बसते, बाळाला मांडीवर घेऊन, माझ्याकडे पाठ करून.