खपली कधी पेरायची

गडमुडशिंगीला आमच्या रानात सगळा ऊस असायचा. फक्त विहिरीकडच्या दहा-बारा गुंठ्यांत माझे वडील, आप्पा, दरवर्षी खपली गहू करायचे. सणाच्या हुग्गीला, म्हणजे गव्हाच्या खिरीला, तो पुरायचा. बी पिढ्यान्‌पिढ्या घरचंच. विकत कधी आणलं नाही.

पेरणीची वेळ ठरवायची आप्पांची एक रीत होती. भिंतीच्या देवळीतल्या बाटलीतलं खोबरेल पहाटे गोठलेलं दिसलं की पेरायचं. त्यांच्या लहानपणी ते दिवाळीच्या आगेमागे गोठायचं म्हणे. मी शेतकी कॉलेजला गेले, नव्वदचं दशक संपत आलं होतं, तोवर ते डिसेंबरावर गेलं होतं. थंडी उशिरा यायची, फेब्रुवारीतच ऊन तापायचं आणि दाणा चिकात, म्हणजे दुधाळ असतानाच वाळायचा.

मी वैतागून सांगायची, "आप्पा, तेल बघू नका. तारीख बघा."

"तारीख गव्हाला कळतीया व्हय? त्याला थंडी कळती."

आमच्या घरात पदवीपर्यंत गेलेली मी पहिली. मला पाठवताना भावकी काय काय बोलली, ते सगळं आप्पांनी एकट्यानं ऐकून घेतलं. माझी ट्रंक डोक्यावर घेऊन ते स्टँडपर्यंत आले होते. आणि जे शिकायला पाठवलं, तेच त्यांना माझ्या तोंडून पटत नव्हतं. या गोष्टीचा मला फार राग यायचा.

पदवी हातात आल्यावर मी हट्टच धरला. पुस्तकात होतं तसं नोव्हेंबरच्या मध्यावर पेरायला लावलं. त्या वर्षी थंडी पडलीच नाही. बुडातून फुटवे आले नाहीत आणि गहू जेमतेम गुडघाभर असताना ओंब्या बाहेर पडल्या.

बांधावरून शेजारी ओरडला, "आप्पा, डिग्रीचा गहू न्हवं ह्यो? लवकर पास झाला की!"

 

पुढच्या वर्षी परत तेल, परत उशीर, परत फेब्रुवारीचं ऊन. खपलीचं बी टरफलासकट ठेवतात, त्यामुळे पोतं भरलेलं दिसत होतं. पेरणीआधी उचललं, तर हलकं. मी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. निम्मेसुद्धा उगवले नाहीत. आणखी एक वर्ष असं गेलं असतं, तर घरचं बीच संपलं असतं.

आव्वानं, माझ्या आईनं, सगळं पोतं पाखडलं. जड दाणे निघाले दोन सुपं.

"यंदा हुग्गी न्हाय," ती म्हणाली. "कुणी मागायची बी न्हाय."

नोव्हेंबर सरत आला होता आणि सकाळी अंगावर घ्यावं लागेल असा गारवा अजून नव्हता. सुपांशेजारी बसलेले आप्पा माझ्याकडे वळले.

"सांग. कधी पेरू?"

शेतीतलं त्यांनी मला पहिल्यांदाच विचारलं होतं. इतकी वर्षं मी याच प्रश्नाची वाट बघत होते. पण आता तारखेचा भरवसा राहिला नव्हता, तेलाचाही नाही.

"निम्मं आज," मी म्हणाले. "निम्मं पंधरा दिवसांनी. एक तरी साधेल."

"आन् हे सांगाय चार वर्सं कालेजात गेलतीस?"

"व्हय."

"मग बसलीस काय? ऊठ की! ऊन वर यायच्या आत येकेक दाणा टोकून घिऊया."