पलंगाच्या चार खुणा

आमचा झुंबर भिडस्त माणूस. बीडहून बोईसरला येऊन, कंपनीत लागून त्याला अठरा वर्षं झाली, पण कुणाकडे काही मागितल्याचं मी, त्याच्या शेजाऱ्याने, कधी पाहिलं नाही. असा माणूस एकदा चार दुरुस्त्या मागायला निघाला.

चिंचणीच्या रस्त्याला एक जुना फ्लॅट विकत घ्यायचा ठरला होता, करारावर सही तेवढी बाकी. ओळखीच्या इंजिनियरने घर ठोकून बघितलं आणि यादी दिली: नळ गळतो, खिडकी लागत नाही, न्हाणीघराची भिंत ओली, आणि आतल्या खोलीच्या छताचा गिलावा पोकळ. त्या खोलीत त्याची मुलगी प्रतीक्षा झोपणार होती. पण याला घोर दुसराच. जास्त बोललो तर घर हातचं जाईल! भित्यापाठी ब्रह्मराक्षस. मला सोबत नेलं, वर गप्प बसायची ताकीद दिली.

घरमालकीण हेतलबेन गोड बोलणाऱ्या. हॉलमध्येच पलंगावर त्यांच्या सासूबाई पडून होत्या. चहा देता देता हेतलबेननी सांगितलं की उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय, त्याची काही तक्रार नाही. झालं! झुंबरने स्वतःच पेन काढलं. नळ खोडला, खिडकी खोडली, ओली भिंतही गेली. मला असा संताप आला की चहा तसाच ठेवला.

"छताचंही राहू द्या, झुंबरभाई," त्या म्हणाल्या. "भूकंपाच्या धक्क्यांनी इकडे सगळ्यांच्याच घरी असं झालंय."

पेन हातात धरून तो आतल्या खोलीत गेला, मी मागोमाग. वर बघायची त्याची छाती होईना, म्हणून खाली बघत राहिला. लादीवर चार काळपट खुणा होत्या, पलंगाच्या पायांच्या.

तो बाहेर आला. "ताई, पलंग हॉलमधी कधी आणला?"

उत्तर सासूबाईंनी दिलं, "माझ्या उशीवर तुकडा पडला ना, त्या दिवशी."

झुंबरने यादी हेतलबेनसमोर ठेवली. "छत झाल्याबिगर सही नाही."

हेतलबेननी सासूबाईंकडे बघितलं, मग सोमवारी गवंडी बोलावते म्हणाल्या.

जिन्यात झुंबर पायरीवर बसला.

"घर गेलं असतं," तो म्हणाला.

"हो."

"तरी बी म्या मागितलं."