कावळ्याच्या शोधात मांजरीपर्यंत

बाळांनो, तुमची आत्याआजी, म्हणजे आजोबांची थोरली बहीण, अकोल्याहून आली ती नेमकी सर्वपित्री अमावास्येला. त्यांच्या आईच्या, म्हणजे तुमच्या पणजीच्या नावानं स्वयंपाक केला होता. गुरुजी वेळेत आले, वेळेत गेले. केळीच्या पानावर भात, खीर, वडे असा कावळ्याचा घास वाढून मी गच्चीवर ठेवला. इथपर्यंत सगळं माझ्या पद्धतीनं चाललं होतं.

वाघोलीच्या आमच्या नव्या सोसायटीत कावळाच नाही, हे मला तेव्हा कळलं. कबुतरं होती. त्यांनी खिरीकडे एकदा पाहिलं आणि ती पुन्हा एसीच्या डब्यांवर जाऊन बसली.

"कावळा शिवल्याशिवाय मी पाण्याखेरीज काही घेणार नाही," वन्संनी जाहीर केलं.

पंचाईत अशी, की मधुमेहाची गोळी त्यांनी सकाळीच घेतली होती. दुपार कलायला लागली तसा साखर उतरून त्यांचा हात थरथरू लागला. मी बिस्कीट पुढे केलं.

"आई उपाशी आणि मी बिस्किटं खाऊ?"

तुमच्या आजोबांना निवृत्तीनंतर पक्षी बघायचा नाद लागलाय. ते गंभीरपणे म्हणाले, "मांजरी गावाच्या बाजूला नदीकाठी कावळे असतात. जाऊ या. जाता जाता ताईला नवं पुणंही दाखवू." गळ्यात दुर्बीण आधीच होती. मी पान मोठ्या डब्यात ठेवलं, आमचे वडे वेगळ्या डब्यात घेतले, नॅपकिन मोजून घेतले आणि निघालो.

खराडीला आजोबांनी काचेच्या इमारती दाखवल्या.

"एवढ्या काचा पुसतं कोण?" वन्संनी विचारलं.

हडपसरला ते म्हणाले, "ताई, इथं पूर्वी मळे होते."

"आणि आता?"

"आता सिग्नल."

त्याच सिग्नलला तारेवर एक कावळा दिसला. आजोबांनी गाडी तिथंच उभी केली. वन्संनी काच खाली करून डबा उघडला आणि त्याला पान दाखवलं. मागचा मोटरसायकलवाला ओरडला, "काका, इथंच राहायला आलात का?" कावळ्यानं मान फिरवली.

"पोट भरलंय त्याचं," आजोबा म्हणाले. "आज प्रत्येक गच्चीवर पंगत आहे."

मांजरीच्या उसातून कच्च्या रस्त्यानं नदीपाशी पोहोचलो. एका बाभळीखाली दगडावर पान ठेवलं.

"ताई, तो बघ, चित्रबलाक! आणि पलीकडे शेकाट्या!"

"मला काय करायचेत? आईनं बलाक मागितलाय का?" वन्सं म्हणाल्या. हातातली पाण्याची बाटली आता त्यांना नीट धरवत नव्हती.

शेवटी बाभळीवर दोन कावळे येऊन बसले. त्यांनी पानाकडे पाहिलं, मग आजोबांकडे पाहिलं. आजोबा दुर्बिणीतून त्यांच्याकडे पाहत होते.

वन्संनी हात जोडले. "आई, तुझी पैठणी नातसुनेलाच देईन, काळजी करू नकोस." कावळे ढिम्म. "आई, स्वयंपाक सुनेनं केलाय, पण चांगला झालाय." कावळे उडून गेले.

"अहो, ती दुर्बीण खाली करा!" मी म्हणाले. "जेवायला आलेल्याच्या तोंडाकडे असं कोणी टक लावून बघतं का?"

मी दोघांनाही गाडीत बसवलं, पानाकडे पाठ करून. कुणी बोलायचं नाही, असं बजावलं. बराच वेळ गेला. मग आरशात बघत आजोबा हळूच म्हणाले, "शिवला."

"कावळाच ना रे?"

आजोबा आरशातच बघत राहिले. पक्ष्याच्या नावाबाबत खोटं बोलणं त्यांना जमत नाही. मीही माझ्या बाजूच्या आरशात पाहिलं. सडपातळ अंग, लांब शेपटी, लालभडक डोळा. तो कोकीळ होता आणि भात टिपत होता.

"काळा आहे," आजोबा म्हणाले.

"मी रंग नाही विचारला."

मी त्यांच्याकडे असं पाहिलं, की दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. पण ते म्हणालेच, "कोकीळ आहे, ताई."

बिस्किटाचा पुडा मी पर्समध्येच फोडला. आता ऐकल्या नाहीत तर सरळ दवाखान्यात न्यायचं, असं ठरवून टाकलं.

वन्सं काचेतून बाहेर पाहत होत्या. "कोकिळेचं पोर कावळिणीच्या घरट्यात वाढतं ना रे?"

"हो. तीच भरवते त्याला."

"मग घरचाच आहे की," त्या म्हणाल्या आणि माझ्यापुढे हात केला. "दे तो डबा. बघत काय बसलीस?"

तिसरा वडा संपवून त्या म्हणाल्या, "मीठ जरा कमीच आहे हं." चौथा उचलताना हात थरथरत नव्हता, म्हणून मी वाद घातला नाही.