उसवलेली दाढ

आमच्या ह्यांचा जन्मात कधी कुणावर विश्वास बसला नाही, आणि त्याला कारण सोफे. जुने सोफे उसवून नव्याने भरायचा ह्यांचा धंदा. वरून मखमल आणि आत काय, तर चिंध्या, कागदाचे बोळे, एकदा तर कुणाची फाटकी विजार. रोज हेच बघितल्यावर माणूस दुसरं काय शिकणार? स्वतःचं काम मात्र चोख. गादीची एक बाजू उघडी ठेवायची, गिऱ्हाइकाला आत हात घालून बघायला लावायचं, मगच शेवटची शिवण. साऱ्या जगाने असंच वागावं, ही ह्यांची अपेक्षा.

लग्न होऊन मी घरात आले नि ह्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर माझ्या आईने दिलेली उशी उसवली. आत काय भरलंय ते बघायला. पांढराशुभ्र कापूस निघाला. "चांगला आहे," म्हणाले आणि परत शिवून टाकली. बस्स. मी ते अजून विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

तर अशा माणसाची दाढ दुखायला लागली. डावीकडची, खालची. उजवीकडच्या दाढा ह्यांनी आधीच घालवल्या होत्या, कारण दातांचे डॉक्टर चांगले दात किडके सांगतात असं ह्यांचं ठाम मत. आता चावायला उरली होती ती हीच बाजू. ही गेली तर जन्मभर सगळं कुस्करून गिळत बसायचं. गाल सुजून डोळा बारीक झाला, तेव्हा मीच हाताला धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाई तरुण होत्या. एक्स-रे काढून त्यांनी पडद्यावर दाखवला. "काका, कीड दाढेच्या आतल्या नसेपर्यंत गेलीय. एकतर दाढ काढून टाकायची, नाहीतर रूट कॅनाल करायचं. म्हणजे आतली सडलेली नस काढायची, मुळांच्या नळ्या साफ करून भरायच्या आणि वर कॅप बसवायची. दाढ वाचण्यासारखी आहे."

"हा फोटो माझाच कशावरून?" ह्यांनी विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई बिचाऱ्या हसल्या.

हो-नाही करत एकदाचे तयार झाले. काम चालू असताना तोंड वासलेलं, त्यामुळे बोलता येईना, पण डोळे सतत बाईंच्या हातावर. नळ्या भरून झाल्यावर बाईंनी वर तात्पुरतं सिमेंट लावलं आणि बजावलं, "कोरलेली दाढ कमजोर असते. कॅप बसेपर्यंत ह्या बाजूने अजिबात चावू नका. आणि कॅपला उशीर करू नका."

घरी पाऊल ठेवलं नि सुरू झाले. "आत काय भरलं ते दाखवलं नाही."

"अहो, तोंडात कसं दाखवणार?"

"आरसा कशाला असतो?"

दुखणं थांबलं तसा ह्यांचा संशय वाढत गेला. न दुखणाऱ्या दाढेला कॅप कशाला? कुठेतरी पाणी मुरतंय. मी दवाखान्याचं नाव काढलं की कपाळाला आठ्या.

एका दुपारी डबा घेऊन दुकानात गेले, तर हे खिडकीला आरसा टेकवून, सोफ्याची वाकडी सुई दाढेत घालून बसलेले. सिमेंट खरवडून काढलं होतं. सुईच्या टोकावर एवढासा बोळा. तो ह्यांनी बोटावर घेतला, उजेडात धरला, पिंजून बघितला.

"कापूस," म्हणाले. आवाजात चक्क आनंद. "अगं, बाईने दाढेत कापूस भरलाय. आणि तोही कुणाच्या, तर माझ्या."

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. छे. उलट दाढ कशी धडधाकट आहे आणि कॅप हा सगळा बनाव कसा, हे मला पटवायला ह्यांनी भाजलेले मक्याचे दाणे तोंडात टाकले आणि मुद्दाम त्याच बाजूने चावले. कट्‌कन आवाज झाला, तो मला समोर उभी असताना ऐकू आला.

डॉक्टरबाईंनी बघितलं आणि त्यांचा चेहराच पडला. "काका, तो कापूस मीच ठेवला होता. नळ्यांत भरलेला मसाला त्याच्या खाली, मुळांत असतो. कॅपच्या वेळी सिमेंट काढताना मसाल्याला धक्का लागू नये म्हणून मध्ये कापूस. नुसतं उघडलं असतंत तर परत साफ करून भरलं असतं. पण आता दाढ मुळापर्यंत चिरलीय. काढावीच लागेल."

दाढ दोन फाका होऊन आली. "बघू द्या," एवढंच हे म्हणाले. बाईंनी ती पुसून समोर ठेवली. ह्यांनी चष्मा लावला. मुळांत गुलाबी मसाला, थेट टोकापर्यंत, कुठे जरा पोकळी नाही. गादीचा कोपरा चाचपावा तसा ह्यांनी तो नखाने चाचपला.

"चोख भरलंय," जखमेवर दाबलेला बोळा सावरत म्हणाले.

उशी परत शिवता येते, दाढ नाही. हे तोंडावर म्हणायची संधी मी इतकी वर्षं शोधत होते. पण ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

बाई पुढचं समजावत होत्या. जखम भरली की हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावता येईल, किंवा दोन्हीकडच्या दातांच्या आधाराने ब्रिज, नाहीतर काढघाल करायची कवळी. सगळ्याचे नमुने त्यांनी पुढे ठेवले. "हातात घेऊन नीट बघा, काका."

ह्यांनी एकालाही हात लावला नाही.

"तुम्हाला योग्य वाटेल ते बसवा," म्हणाले. "मला काही बघायचं नाही."

एवढ्या वर्षांच्या संसारात हेच एक वाक्य ऐकायला मी आसुसले होते. ऐकलं, आणि मला रडूच आलं.